थंडरबर्ड ३५० तीनचाकी, लांब पल्ल्यासाठी फेरबदल: प्रकल्प नोंदी

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

गाडी रॉयल एनफिल्ड थंडरबर्ड ३५०, कार्ब्युरेटरची, केए-२२ पासिंग. मागे दोन्ही अंगांना चाके जोडलेली. दिव्यांग चालकासाठी अनुकूलित वाहन म्हणून आरसीवर नोंद आधीच झालेली आहे. मूळचे मागचे चाक जागेवरच आहे आणि इंजिनाचा जोर फक्त त्यालाच मिळतो. तसे पाहिले तर जमिनीला चार चाके टेकतात, पण सगळे तीनचाकीच म्हणतात. इथेही तेच नाव ठेवले आहे. चालकाला उजव्या पायाने ब्रेक दाबता येत नाही, हे सगळ्या आखणीत धरलेले.

आतापर्यंत गाडी बेळगावात शहापूर, टिळकवाडी, कॅम्प एवढ्यात फिरत होती. आता तिला चोर्ला मार्गाने गोव्याला आणि निपाणीवरून कोल्हापूरला न्यायचे आहे, सामानासह. लोक अशा कामाची सुरुवात दिव्यांनी, क्रोमने आणि सीटने करतात. इथे क्रम उलटा: आधी मागची चाके, मग हँडल, मग ब्रेक, त्यानंतर पेट्या आणि दिवे. कारण एकच. ही गाडी वळणावर झुकत नाही. दुचाकी झुकून जो भार सांभाळते तो इथे बाजूच्या चाकांना, स्प्रिंगांना आणि हँडल धरलेल्या हातांना घ्यावा लागतो. ते जमले नाही तर वरची सगळी सजावट म्हणजे फुकटचे वजन.

कागदाचे आधी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीतल्या तपशिलाशी विसंगत फेरबदल परवानगीशिवाय करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने दिव्यांगांसाठीच्या अनुकूलित वाहनाची व्याख्या कायद्यात आली, त्यामुळे आपल्या कामाला वाट आहे, पण ती आरटीओतूनच जाते. बाजूची चाके धरणाऱ्या नव्या आर्मचे (दांड्यांचे) आणि रुंदीचे रेखाटन अर्जासोबत आधीच दिले आहे. विमा कंपनीलाही लेखी कळवले. फेरबदल लपवला तर अपघातानंतर दावा अडतो.

आज वजन. प्रत्येक चाकाखाली घरगुती डिजिटल काटा, बाकी चाकांखाली तेवढ्याच जाडीच्या फळ्या, चालक बसलेला, हँडल सरळ. पुढे १०४ किलो, मागे मधले चाक ८४, डावे ७०, उजवे ६४. एकूण ३२२.

रोग इथेच सापडतो. मागच्या २१८ किलोपैकी ओढणाऱ्या चाकावर फक्त ८४. शेकडा ८ चा चढ असेल तर वर सरकायला साधारण २६ किलोचा जोर लागतो, घर्षणाचे सहा धरले तर ३२. ओल्या तांबड्या मातीत टायरची पकड वजनाच्या ०.३ पट धरली तर ८४ किलोवर २५ च मिळतात. म्हणजे चाक जागेवर गरगरणार. दोन्ही बाजूंची चाके उंचवट्यावर आणि मधले खळग्यात असले की याहून वाईट. मधले चाक जवळजवळ लोंबकळते.

८ ऑक्टोबर

बाजूची चाके उतरवली. दोन्ही स्टब (चाक ज्यावर फिरते ते आखूड दांडे) वर वाकलेले, डावा जास्त. हे व्हायचेच होते. दुचाकीच्या पुढच्या चाकाचा १२ मिमी अॅक्सल दोन्ही टोकांना धरलेला असतो. तोच एका बाजूने धरून लोंबता ठेवला की सगळा ताण मुळाशी येतो. ७० किलोचा भार, खड्ड्यात तिप्पट म्हणजे २१० किलो, चाकाच्या मध्यापासून मुळापर्यंत ५० मिमी: १२ मिमी दांड्यावर ताण सुमारे ६०० मेगापास्कल. साधे ईएन ८ पोलाद निम्म्याच्याही आत वाकायला लागते. तोच दांडा २० मिमी केला तर ताण १३० च्या आसपास येतो, कारण ताकद व्यासाच्या घनात वाढते. हा हिशेब बाजारातल्या बऱ्याच जोडचाकांच्या किटात कोणी केलेला दिसत नाही.

चिमट्याला, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या फाट्याला, हात लावायचा नाही. मूळ चिमट्यावर वेल्डिंग केले की शेजारचा धातू मऊ पडतो आणि तडा नेमका वेल्डच्या काठाने जातो. जुन्या किटचा सबफ्रेम (मूळ फ्रेमला क्लॅम्प-बोल्टने धरलेला जोडसांगाडा) सरळ निघाला, तो ठेवला. नवे फक्त आर्म, स्टब, हब.

१३ ऑक्टोबर

काल दसरा, परवा खंडेनवमीची यंत्रपूजा, उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतले गाळे उद्यापर्यंत बंद. तोवर कागदावरचे काम.

मधल्या चाकावर भार वाढवायचा तर बाजूच्या स्प्रिंगा मऊ हव्यात. पण बाजूच्या स्प्रिंगा मऊ केल्या की वळणात गाडी बाहेरच्या अंगाला कलते. दोन्ही कसे साधायचे?

आर्म ४०० मिमी लांब, पिव्हटपासून (आर्म ज्यावर वरखाली फिरतो तो सांधा) चाकाच्या मध्यापर्यंत. जुना शॉकअप पिव्हटपासून ३२० मिमीवर, म्हणजे लांबीच्या ०.८ वर. चाकाला जाणवणारा कडकपणा या प्रमाणाच्या वर्गाने बदलतो: ०.८ चा वर्ग ०.६४. शॉकअप २८० मिमीवर, म्हणजे ०.७ वर आणला तर ०.४९. खड्ड्यासाठी चाक जवळपास पावपटीने मऊ झाले. आता कलण्याचा विरोध. तो चाकाच्या कडकपणावर आणि दोन चाकांमधल्या अंतराच्या वर्गावर अवलंबून असतो. अंतर १००० मिमीचे ११५० केले तर १.३२ पट. १.३२ ला ०.४९ भागिले ०.६४ ने गुणले की १.०१. खड्ड्यात मऊ, वळणात तितकाच कडक. शॉकअप तेच, फक्त जागा बदलली. शॉकअप उभा असेल तरच हे गणित लागू. तिरका बसवला तर कडकपणा आणखी घटतो.

टायरसह बाहेरची रुंदी १२४० मिमी होते. घराचे फाटक आणि बोळ आधी मोजून घ्यावेत.

अँटी-रोल बारचा (दोन्ही बाजू जोडून कलणे रोखणारा दांडा) पर्याय पाहिला. जुन्या मारुतीचा बार भंगारात मिळतो, पण तो स्प्रिंग स्टीलचा. तापवून वाकवला किंवा वेल्ड केला की त्याचा कस जातो आणि एका दिवशी सरळ तुटतो. नको.

सामान: ६० × ४० × ३ मिमी चौकोनी एम.एस. पाईप अडीच मीटर, पिव्हटसाठी जाड भिंतीचा सीमलेस पाईप, चार सायलेंट बुश (आत रबर असलेल्या नळ्या), ८.८ ग्रेडचे एम १२ बोल्ट आणि नायलॉक नट, ६ मिमी पट्टी, स्प्लेंडरचे मागचे शॉकअप (पाच खाचांचे, आधीच्या किटमधलेच), चेतकचे पुढचे हब दोन, ३.५०-१० चे टायर तीन. तिसरा टायर स्टेपनीसाठी.

चेतकचाच हब का? तो मुळातच एका बाजूने धरलेला असतो, ड्रम आणि लायनर आतच, आणि रिम दोन फाकांची असल्याने पंक्चर काढताना टायर-लिव्हरशी कुस्ती नको. नट सोडा, स्टेपनी लावा. रस्त्याकडेला कणकुंबीजवळ अंधारात हे करायचे आहे असे समजून सुटे भाग निवडावेत.

१९ ऑक्टोबर

उद्यमबागेत लेथचे काम. स्टब ईएन १९ चे, मुळाशी २५ मिमी, बेअरिंगच्या जागी २०. हातात आलेल्या हबांच्या बेअरिंगचा आतला बोअर २० मिमी निघाला; हब विकत घेऊन, मोजून मगच ड्रॉइंग द्यावे, पुस्तकातल्या मापावर नव्हे. स्टब स्थिर, हब फिरता, म्हणून बेअरिंग स्टबवर हाताने सरकून बसले पाहिजे: २० मिमीला उणे ०.००७ ते उणे ०.०२०. हबमध्ये मात्र दाबून.

२५ वरून २० वर उतरताना कोपरा काटकोनात काढू द्यायचा नाही. तिथे ३ मिमीची गोलाई. टर्नर घाईत असेल तर धारदार हत्याराने कोपरा साफ काढून देतो, दिसायला छान दिसतो, आणि तडा तिथूनच सुरू होतो. बेअरिंगचा काठ गोलाईवर चढू नये म्हणून मध्ये चॅम्फर केलेली (आतली कड तिरपी कापलेली) वॉशर-रिंग.

दोन बेअरिंगमधला स्पेसर हा सगळ्यात दुर्लक्षित तुकडा. हबमधल्या दोन खांद्यांतले अंतर मोजून स्पेसर त्याहून ०.०५ ते ०.१० मिमी लांब ठेवला. आखूड पडला तर टोकाचा नट आवळताच दोन्ही बेअरिंगच्या आतल्या रिंगा एकमेकींकडे ओढल्या जातात, चाक हाताने जड फिरते आणि वीस-पंचवीस किलोमीटरांत हबला हात लावता येत नाही. त्यावर लोक नट सैल करतात. तो उपाय नाही, स्पेसर बदलायचा.

२७ ऑक्टोबर

आर्मचे वेल्डिंग. १२ मिमी जाड प्लेटवर जिग (वेल्डिंग होईपर्यंत आर्म जागेवर धरणारी चौकट): पिव्हटचा दांडा आणि स्टबचा दांडा दोन्ही प्लेटला पक्के, गुणियाने समांतर. ७०१८ चा २.५ मिमी रॉड, ८५ अँपिअरच्या आसपास. रॉड आधी तापवून वाळवलेले. आपल्याकडच्या पावसाळ्यानंतर उघड्या पुड्यातल्या रॉडमध्ये ओल असतेच.

आधी सगळीकडे टॅक (वेल्डचे छोटे ठिपके), मग समोरासमोरच्या बाजू आलटून पालटून, एका वेळी ३० मिमीपेक्षा जास्त नाही. वेल्ड थंड होताना आपल्याकडे ओढतो. एकाच बाजूने सलग भरला तर ४०० मिमीच्या आर्मला टोकाशी तीन-चार मिमीचा पीळ सहज पडतो, आणि तो पीळ म्हणजे चाकाचा कायमचा तिरकेपणा. जिगमधून आर्म पूर्ण थंड झाल्यावरच काढला.

बुशच्या पाईपला शेवटचा बोअर वेल्डिंगनंतर. आधी मारला तर उष्णतेने तो लंबगोल होतो, बुश दाबताना रबर फाटते.

१ नोव्हेंबर

दिवाळी, त्यात कर्नाटक राज्योत्सव आणि सीमाभागातला काळा दिन एकाच तारखेला. पावडर कोटिंगला दिलेले आर्म पुढच्या आठवड्यात.

९ नोव्हेंबर

जोडणी. सायलेंट बुशचे बोल्ट आधी सैल ठेवले. चाके लावून, चालक बसवून, गाडी आपल्या उंचीवर आल्यावर मग ८० न्यूटन-मीटरला आवळले. गाडी स्टँडवर, आर्म लोंबते असताना आवळले तर बुशचे रबर त्या स्थितीत घट्ट होते आणि गाडी खाली येताच कायम पिळलेले राहते. दोन महिन्यांत आवाज, सहा महिन्यांत बुश गेला.

अलाइनमेंट दोऱ्याने. मधल्या चाकाच्या दोन्ही अंगांना ताणलेले दोन दोरे, पुढच्या चाकापर्यंत समांतर. त्या दोऱ्यापासून बाजूच्या रिमच्या पुढच्या आणि मागच्या काठाचे अंतर मोजायचे. पुढे दीड मिमी आत, दोन्हीकडे सारखे. बाजूच्या चाकांची मध्यरेषा मधल्या अॅक्सलच्या रेषेतच, जास्तीत जास्त १० मिमी मागेपुढे. बाजूची चाके त्याहून मागे गेली तर वळताना मधला टायर आडवा घासतो. चेन ताणली की मधला अॅक्सल मागे सरकतो, हे विसरू नये. त्यामुळे चेन नवी असतानाच बाजूची चाके ६ मिमी मागे ठेवली. चेन झिजेल तसे मधले चाक त्यांच्याकडे येत जाईल.

बाजूचे शॉकअप पहिल्या खाचेवर, मधल्या चाकाचे मूळ शॉकअप चौथ्या. पुन्हा वजन: पुढे १०५, मधले १२४, डावे ५१, उजवे ४७. एकूण ३२७. ओल्या मातीत १२४ वर ३७ किलोची पकड, लागतात ३३. पुरते, पण उधळून टाकण्याइतके नाही.

टायरचा दाब: बाजूच्यांना २४ पीएसआय. त्याहून जास्त भरला तर छोटी चाके प्रत्येक खडा वर पाठवतात.

१६ नोव्हेंबर

पुढची बाजू. तीनचाकीचे हँडल जड असते. दुचाकी झुकवून वळते, इथे चाक हाताने वळवून धरावे लागते आणि ट्रेल (हँडलच्या अक्षाची रेषा जमिनीला मिळते तिथपासून टायर टेकतो तिथपर्यंतचे अंतर) त्याला सतत सरळ करू पाहते. मोजले: हँडलच्या अक्षाचा कोन २६ अंश, टायरची त्रिज्या ३२२ मिमी, टीचा (फोर्कच्या दोन नळ्या धरणारा जोड) ऑफसेट, म्हणजे अक्षापासून नळ्या किती पुढे, ४५, ट्रेल १०७ मिमी निघतो. परदेशातल्या मोठ्या टूरिंग ट्राइकना म्हणूनच वेगळी टी बसवतात आणि फोर्क पुढे नेऊन ट्रेल कमी करतात. आपल्याला ७० मिमी हवा असता तर ऑफसेट ३३ मिमीने वाढवावा लागला असता.

केले नाही. बेळगावात ओतकाम दारात मिळते, कोणीही फाउंड्रीवाला सँपल दिले की टी ओतून देईल, आणि मोह तिथेच होतो. वाळूच्या साच्यातल्या अॅल्युमिनियमच्या पोटात हवेची भोके राहतात. ती बाहेरून दिसत नाहीत, पॉलिश केल्यावर तर मुळीच नाहीत. गाडीत तुटला तरी चालेल असे भाग असतात. टी त्यातली नव्हे. बिलेटमधून (अखंड ठोकळ्यातून) मिलिंग केलेली टी, क्ष-किरण तपासणी आणि त्यावर वेगळी मंजुरी, एवढे करायची तयारी असेल तरच.

त्याऐवजी तीन सोप्या गोष्टी. हँडल ७६० मिमीचे ८६० केले. हाताला लागणारा जोर सुमारे १२ टक्क्यांनी कमी. त्यासाठी क्लच आणि अॅक्सिलरेटरची केबल लांब, पुढच्या ब्रेकची होज ६० मिमी लांब; हँडल दोन्ही टोकांना पूर्ण वळवून होज कुठे ताणत नाही हे पाहिले. कोनसेट (हँडल ज्यांवर फिरते ती बेअरिंगे) नवा, टेपर रोलरचा. हँडल मधून सोडले तर आपल्या वजनाने हळूच पडले पाहिजे, धाडकन नाही आणि अडकून तर नाहीच. तिसरे म्हणजे दांड्याचा स्टीअरिंग डँपर. पुढच्या चाकावर जेमतेम तिसरा हिस्सा भार आणि टायर गोल, म्हणून ३० ते ४० च्या वेगात हँडल थरथरते. डँपर ते गिळतो. डँपरचा दांडा संपण्याआधी फ्रेमवरचा स्टॉपर लागला पाहिजे, नाहीतर पूर्ण वळणात डँपरच स्टॉपर होतो आणि त्याचा ब्रॅकेट जातो.

पुढचे चेन-सॉकेट एक दात लहान बसवले. घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये क्लच कमी जळतो. महामार्गावर ७० च्या वर तसेही जायचे नाही.

२४ नोव्हेंबर

ब्रेक. पुढच्या चाकावर भार कमी, म्हणून पुढचा डिस्क जोरात दाबला तर ओल्या वळणात चाक सरळ घसरते. मुख्य काम मागच्या ब्रेकचे. मागच्या डिस्कचा पायातला मास्टर सिलिंडर काढून डाव्या हँडलवर, क्लचच्या लिव्हरखाली दुसरा लिव्हर. मास्टरचा बोअर लहान घेतला की दाब वाढतो पण लिव्हर जास्त खोल जातो. बोटे मुठीला लागेपर्यंत लिव्हर यायला नको. एअर काढताना कॅलिपर उतरवून निपल वर करून धरला, कारण होज वरच्या दिशेने गेल्याने बुडबुडा मधेच अडकतो. डॉट ४ तेल, नवी डबी.

बाजूचे ड्रम हातब्रेकला. तीनचाकीला साइड स्टँड नाही आणि गिअरमध्ये ठेवून उतारावर भरवसा ठेवता येत नाही. रॅचेटचा लिव्हर टाकीच्या डाव्या बाजूला, तिथून एक केबल मधल्या तराजू-पट्टीला आणि पट्टीच्या दोन टोकांपासून दोन केबल. पट्टी मधोमध मोकळी फिरली पाहिजे, तरच दोन्ही ड्रमना सारखा ताण मिळतो.

केबलचे बाहेरचे आवरण आर्मवरच धरले, सबफ्रेमवर नाही. आवरण फ्रेमवर आणि ड्रम आर्मवर असला तर खड्ड्यात आर्म वर जाताच केबल ओढली जाते आणि ब्रेक आपोआप लागतो. लोक मग लायनरला दोष देतात. ड्रमच्या दांडीला ३ मिमी मोकळीक.

१ डिसेंबर

पेट्या. मधले चाक आणि बाजूचे चाक यांमध्ये दोन्हीकडे रिकामी जागा आहे. रुंदी वाढवल्याचा हा दुसरा फायदा. डावी पेटी ४५० × ३०० × २१०, साधारण २८ लिटर. उजवीकडे सायलेन्सर, म्हणून १६० रुंद, साधारण साडेएकवीस लिटर. २ मिमी अॅल्युमिनियम, कोपरे रिव्हेटने, आतून सीलंट. सायलेन्सर आणि पेटीत ४० मिमी फट, मध्ये वेगळा पत्रा, तो पेटीला न टेकता सबफ्रेमला. तळाला ८ मिमीची दोन भोके. कितीही रबर लावा, घाटातल्या पावसात पेटीत पाणी जाते, मग ते बाहेर जायची सोय तरी असावी.

मागे उंच टॉप बॉक्स का नाही, यावर गणित थोडे अनपेक्षित. गुरुत्वमध्य चालकासह अंदाजे ६२० मिमी उंच धरला आणि २० किलो सामान १००० मिमी उंचीवर मागच्या अॅक्सलच्याही ३०० मिमी मागे ठेवले, तर पलटी होण्याची मर्यादा जवळपास तीच राहते, कारण वजन मागच्या रुंद भागाकडे सरकते. बिघडते ते पुढे: पुढच्या चाकावरचे साडेचार किलो उडतात. चढावर आणखी. हँडल हलके लागते, चालकाला बरे वाटते, आणि ओल्या वळणात गाडी सरळच जाते. खालच्या पेट्यांत तेच २० किलो ठेवले तर पुढचा भार जसाच्या तसा आणि वळणातली मर्यादा थोडी वाढतेच. टॉप बॉक्समध्ये फक्त रेनकोट.

मडगार्ड टायरपासून ३५ मिमी लांब. जांबोटीकडची तांबडी माती २० मिमीच्या फटीत घट्ट बसते आणि चाकाला पॉलिश-पेपरसारखी घासते.

८ डिसेंबर

वायरिंग. मागची रुंदी रात्री दिसली पाहिजे, म्हणून टेल लँप, इंडिकेटर आणि लाल रिफ्लेक्टर बाजूच्या मडगार्डच्या बाहेरच्या कडेला. मधला मूळ दिवा ठेवला. फक्त तो ठेवला तर मागचा ट्रकवाला दुचाकी समजून खेटून ओव्हरटेक करतो. इंडिकेटर एलईडी, त्यामुळे जुना फ्लॅशर दुप्पट वेगाने मारतो; एलईडीचा फ्लॅशर बसवला.

पुढे २० वॅटचे दोन पिवळे दिवे, धुक्यासाठी. दोन्ही मिळून साडेतीन अँपिअरच्या आत. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून ७.५ चा फ्यूज, तोही बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत. मग रिलेचे (थोड्या करंटवर मोठा करंट चालू करणारा स्विच) ३० नंबरचे टोक, ८७ वरून दिवे, ८६ ला हेडलाइटची वायर स्विचमधून, ८५ अर्थ. म्हणजे हेडलाइट बंद तर हेही बंद. वायर १.५ चौरस मिमी. अर्थ फ्रेमला रंग खरवडून नाही, सरळ बॅटरीच्या निगेटिव्हला. पावडर कोटिंग केलेल्या सबफ्रेममधून अर्थ मिळत नाही आणि दिवे मिणमिणतात.

आर्मवर जाणारी वायर पिव्हटजवळ सैल वळसा घालून नेली. प्रत्येक कनेक्टरच्या आधी वायर थोडी खाली उतरवून मग वर, म्हणजे पाणी वायरवरून घरंगळत कनेक्टरमध्ये न शिरता खाली गळते. सगळे चालू असताना बॅटरीवर २५०० आरपीएमला १४.१ व्होल्ट, आयडलला १२.९. सिग्नलला पिवळे दिवे बंद ठेवावेत.

१५ डिसेंबर

विधिमंडळ अधिवेशनामुळे हलग्याकडचा महामार्ग गजबजलेला, म्हणून चाचणी जांबोटी-कणकुंबीच्या रस्त्याने. पेट्यांत २० किलो वाळूच्या पिशव्या.

चढ चांगला ओढते. मधले चाक फक्त एका उकरलेल्या वळणावर गरगरले. सपाट रस्त्यावर गाडी डावीकडे ओढते. हे बिघाड नाही: रस्ता मधून उंच आणि कडेला उतरता असतो, दुचाकी उभी राहते, ही रस्त्याबरोबर कलते. डावा शॉकअप एक खाच वर घेतल्यावर ओढ निम्म्याने गेली. दोन खाचा घेतल्या तर उजव्या वळणात बरे, डाव्यात वाईट.

उजवा हब डाव्यापेक्षा गरम. चाक उचलून फिरवले तर फेरीत एकाच जागी अडते. म्हणजे केबल नव्हे, ड्रम लंबगोल. लेथवर ०.३ मिमी कातून सारखा केला.

डाव्या मडगार्डच्या स्टेला वेल्डशेजारी केसाएवढा तडा. मडगार्ड आर्मवर असल्याने प्रत्येक धक्का सरळ त्याला मिळतो, स्प्रिंगच्या वरच्या भागाला नाही. नवा स्टे १० मिमी गोल सळईचा, बोल्टखाली रबर, आणि टेल लँपचे वजन मडगार्डवरून काढून पेटीच्या कोपऱ्यावर.

स्पीडब्रेकरवर मागची तिन्ही चाके एकदम चढतात आणि चालकाला सीटवरून उचलतात. याला उपाय नाही. वेग कमी.

२९ डिसेंबर

सगळे एम १२ पुन्हा ८० ला तपासले. सबफ्रेमच्या क्लॅम्पचे दोन नट पाव फेरी फिरले. नव्या रंगावर आवळलेला बोल्ट सैल पडतोच, रंग चेपतो. क्लॅम्पच्या बसण्याच्या जागेवरचा रंग काढून कॉपर ग्रीस लावली. प्रत्येक नटावर पांढरी रेघ, म्हणजे फिरला तर उभ्याने दिसतो.

वंटमुरी घाटाच्या उतारावर ब्रेकची चाचणी: मागचा डिस्क एकट्याने तापून लिव्हर मऊ लागतो. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ब्रेकिंग, आणि पॅड सेंद्रिय ऐवजी सिंटर्ड (धातूच्या भुकटीचे). हातब्रेकचा लिव्हर उतारावर ओढून वेग आवरायचा नाही. ड्रम लहान आहेत, तापले की पार्किंगलाही धरत नाहीत.

११ जानेवारी २०२५

आरटीओत तपासणी झाली. पाहिले गेले ते असे: हातब्रेक चढावर धरतो का, मागचे दिवे रुंदीच्या टोकाला आहेत का, रेखाटनातली रुंदी आणि प्रत्यक्षातली जुळते का, चासी नंबर झाकला गेला आहे का. पेटीचा ब्रॅकेट चासी नंबरपासून लांब ठेवणे आधीच धरले होते. पिवळ्या दिव्यांची दिशा जरा खाली करायला सांगितली.

टायर मोजले. डावा बाजूचा टायर आतल्या कडेला ०.४ मिमी जास्त झिजला आहे, उजवा सारखा. डावा आर्म चालत्या गाडीत बाहेर फाकतो असे दिसते, कारण डावा पिव्हट सबफ्रेमच्या लांब टोकाला आहे. पिव्हटच्या मागच्या बोल्टखाली ०.५ मिमीची पत्री घालून डावीकडे अडीच मिमी आत ठेवायचे, ५०० किलोमीटरांनंतर पुन्हा मोजायचे. मधला टायर मधोमध सपाट होत चालला आहे, पण झुकायचेच नसल्याने तो धागा दिसेपर्यंत चालेल.

बाकी राहिलेले: सीटला पाठ, आणि उजव्या पेटीचे कुलूप मातीने अडते, त्यावर रबराची झडप.